खिशातला पाना

गेल्या रविवारी व्हिडिओवर बोलताना तुम्ही दोघांनी विचारलंत, की आजीच्या चष्म्याच्या दोरीला लोखंडाचं काय लटकतंय. मी म्हटलं, पाना. मागून तुमचे बाबा म्हणाले, "आई, पाना कशाला?" मी म्हटलं, लिहून कळवते. फोनवर सांगितलेली गोष्ट तुमच्याकडे अर्धीच पोचते आणि उरलेल्या अर्ध्यात चित्र गोठतं. कागदाचं तसं होत नाही.

हा पाना आपल्या खालच्या मजल्यावरच्या भाडेकरूंचा. त्यांना नाव होतं, ते रेशनकार्डावर होतं. गल्लीत सगळे त्यांना फोरमनच म्हणायचे, कारण कुपवाडला पंपांचे सुटे भाग करणाऱ्या एका कारखान्यात ते फोरमन म्हणून निवृत्त झाले होते. मूळचे वडूजकडचे. वडील मेंढरं राखायचे. इंधनाचा विषय निघाला की फोरमन सांगत, "जगात मेंढरासारखं वाहन न्हाई बगा बाई. आपलं इंधन आपणच हुडकतंय, वाटंत कुठं थांबत न्हाई, आन् मागनं जे सोडतंय त्येला शेतकरी हात जोडून बोलावतोय." हे ते न हसता सांगत. ते काहीच हसत सांगत नसत.

घर बघायला आले तेव्हा त्यांनी खोल्या पाहिल्या नाहीत. आधी गच्चीवर जाऊन टाकी पाहिली, मग मोटर, मग विजेचा बोर्ड. खाली येऊन मला एकच प्रश्न विचारला. "बंद पडल्यावर काय?"

"काय बंद पडल्यावर?"

"काय बी."

मी पस्तीस वर्षं इंग्रजी शिकवलं. अपुऱ्या वाक्याला मी उत्तर देत नाही. पण त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तरच नव्हतं, हे मला रात्रभर टोचलं. सकाळी मी त्यांना घर दिलं.

पुढे कळलं, की हा प्रश्न ते सगळ्यांनाच विचारतात. कोपऱ्यावरच्या एकाने विजेवरची स्कूटर घेतली आणि पेढे घेऊन आला. फोरमननी पेढा खाल्ला, स्कूटर बंद करायला लावली, आणि त्याला ती गल्लीच्या टोकापर्यंत ढकलत न्यायला सांगितली. तो घामाघूम होऊन परत आला तेव्हा म्हणाले, "चांगली हाय. बंद पडली की कुठं पडंल तेवढं बगून चालवा." मी कपडे धुण्याचं यंत्र घेतलं तेव्हाही विचारलं, की मधेच थांबलं तर पाणी कुठं जातं आणि दार कसं उघडतं. मी म्हटलं, नवीन आहे, थांबणार नाही. पावसाळ्यात ते थांबलं. दार लागलेलं, आत माझ्या तीन साड्या. फोरमन वर आले, दाराच्या फटीत एक दोरी सरकवून ओढली, दार उघडलं, आणि काही न बोलता खाली गेले. त्यांचं न बोलणं मला फार लागलं.

आणि हा पाना कायम त्यांच्या सदऱ्याच्या खिशात असे. लग्नाला, डॉक्टरकडे, मतदानाला. बोलताना समोरच्याकडे तो रोखून "तुमी बोला" म्हणत. आम्हाला वाटे, फोरमनकीची सवय सुटत नाही.

आता व्हरांड्यातल्या वादाविषयी, कारण पान्याची गोष्ट तिथेच घडली. रोज सकाळी साडेदहाला त्यांच्या व्हरांड्यात चार खुर्च्या मांडल्या जात. दोन कठड्याकडे, दोन भिंतीकडे. फोरमन, मी, आबा आणि शीतल. आबांचा ऊस पलूसकडे, पण नातवंडांच्या शाळेसाठी घर इथे आपल्या गल्लीत. शीतल समोरची. पुण्यातल्या एका कंपनीचं काम घरून करते. संगणकाचे प्रोग्राम लोकांच्या हाती जाण्याआधी त्यांतल्या चुका शोधणं हे तिचं काम, त्यामुळे तिचा स्वभाव मला पटायचा.

फोरमन वर्तमानपत्रातल्या तंत्रज्ञानाच्या बातम्या ब्लेडने कापून साबणाच्या डब्यात टाकत. राजकारण नाही, क्रिकेट नाही, भाववाढ नाही. कुठे तिकिटांची यंत्रणा बंद पडली, कुठे शेणापासून गॅस करून त्यावर बस चालवली, कुठे हायड्रोजनवरची गाडी आली. रोज एक कात्रण काढायचं. कठड्याकडचे बाजूने बोलणार, भिंतीकडचे विरुद्ध. तुमचं खरं मत काय, हे विचारायला बंदी होती. "मत घरी ठेवून या," फोरमन म्हणत. ते स्वतः घरीच बसलेले असल्यामुळे त्यांचं मत कुठे असे, ते कधी कळलं नाही.

अर्ध्या तासाने आतून वहिनी, म्हणजे त्यांच्या पत्नी, खिडकीच्या गजावर स्टीलची वाटी वाजवत. चहा झाला, असा त्याचा अर्थ. आणि फोरमन म्हणत, "शिफ्ट बदल!"

मग सगळ्यांनी उठायचं, खुर्च्या बदलायच्या आणि चहानंतर उलट बाजूने बोलायचं. पण उठण्याआधी चार्ज द्यायचा. आपल्या बाजूचा सगळ्यात पक्का मुद्दा कोणता आणि सगळ्यात कच्चा कोणता, हे समोरच्याला प्रामाणिकपणे सांगायचं. ही रीत कारखान्यातली. एका लेथवर दोन शिफ्टला दोन माणसं, आणि दोघं एकमेकांना शिव्या देणार, की त्याने मशीन बिघडवलं. फोरमननी नियम केला, की जाणाऱ्याने हात धुवायच्या आधी येणाऱ्याला सांगायचं, आज मशीन कशात पक्कं आहे आणि कुठे दगा देईल. 'चालू आहे' हे उत्तर चालणार नाही. "चालू हाय म्हंजी बगितलंच न्हाई," ते म्हणत.

यामुळे आमच्याकडे चमत्कारिक प्रकार होत. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळावं की नाही, यावर आबा उसाच्या बाजूने असे पेटत, की त्यांचा चहा निवत असे.

"आवं, आपल्या रानातलं तेल हाय त्ये! बाहेरच्या देशाला पैसं कशाला? गाडीला काय हुतंय?"

"गाडी उभी राहिली की टाकीत पाणी धरतं, रबर फुगतं," शीतल म्हणायची.

"कुणी सांगितलं? माझी मोटरसायकल बगा. माझा जनरेटर बगा. वरीस झालं, तक्रार न्हाई."

"वर्षभरात जनरेटर चालवला किती वेळा, आबा?"

"चालवायची येळच आली न्हाई. एवढी चांगली वीज हाय तिकडं."

मग वाटी वाजायची, आणि चहानंतर तेच आबा इथेनॉलविरुद्ध असं बोलत, की ऐकणाऱ्याने त्यांचा ऊस विकत घेतला नसता.

वहिनी वादात कधी बसल्या नाहीत. त्या आत खिडकीजवळ असत आणि त्यांच्या नाकाला नळी असे. त्यांची फुप्फुसं गेली होती. डॉक्टरांनी विडीबद्दल विचारलं होतं. त्यांनी आयुष्यात विडी पाहिली ती सासऱ्यांच्या हातात. मेंढरांमागे फिरताना तीन दगडांच्या चुलीवर, ओल्या काटक्यांवर, लहानपणापासून केलेला स्वयंपाक, एवढंच त्यांचं व्यसन. हवेतून प्राणवायू वेगळा करणारं एक यंत्र त्यांच्या उशाशी दिवसभर घुमत असे. त्याच्या शेजारी ज्योत नको, म्हणून घरात गॅस नव्हता, काडेपेटी नव्हती, देवाजवळचा दिवासुद्धा विजेचा. स्वयंपाक विजेच्या शेगडीवर.

एकदा विषय निघाला, की सगळ्यात स्वच्छ इंधन कोणतं. शीतल सूर्याबद्दल बोलली, आबा उसाबद्दल, मी दोन्हींबद्दल आकडे काढून आणले होते. आतून वहिनी म्हणाल्या, "ज्येच्याफुडं बसून डोळं पुसावं लागत न्हाईत, त्ये."

फोरमननी त्या दिवशी शिफ्ट बदलली नाही. या वाक्याची दुसरी बाजू कुणाला मांडायला लावणार?

आता तो दिवस.

दुरुस्तीसाठी सकाळी दहा ते संध्याकाळी पाच वीज बंद राहील, असा निरोप आदल्या दिवशीच मोबाईलवर आला होता. काळजी नव्हती. त्यांच्या पुण्याच्या मुलीने महिन्यापूर्वी एक नवा इन्व्हर्टर पाठवला होता, मोबाईलवरून चालणारा. फोरमननी त्यालाही प्रश्न विचारला होता. बसवणारा मुलगा म्हणाला, "काका, हा बंद पडत नाही." फोरमननी त्याच्याकडे फार वेळ पाहिलं होतं. पण मुलीने हौसेने पाठवलेला, म्हणून ठेवला.

अशा बिनविजेच्या दिवशी चहा वरून, माझ्या गॅसवरून यायचा, असं ठरलेलं होतं. ही गोष्ट लक्षात ठेवा.

दहाला वीज गेली, इन्व्हर्टरने यंत्राचा भार उचलला, घरघर चालू राहिली. साडेदहाला आम्ही बसलो. डब्यातून कात्रण निघालं: एका अपडेटमुळे कुठल्याशा बँकेची सगळी यंत्रणा दिवसभर ठप्प. विषय ठरला, की यंत्राने आपली सुधारणा आपणहून करावी, की मालकाला विचारून. फोरमन आणि मी भिंतीकडे, म्हणजे विचारून करावी या बाजूला. आबा आणि शीतल समोर. वाद चांगला चालला. आवाज चढले. आबांनी मांडीवर थाप मारली.

गजावर वाटी वाजली.

"शिफ्ट बदल!" फोरमन म्हणाले. आम्ही चार्ज दिला. पक्का मुद्दा, कच्चा मुद्दा. उठलो, खुर्च्या बदलल्या, बसलो. वाटी पुन्हा वाजली, जरा हळू. आबा आत बघून म्हणाले, "बसलो, वैनी, बसलो!"

आणि फोरमन नव्या बाजूने बोलू लागले. त्या दिवशी ते फार सुंदर बोलले, हे मला सांगायलाच हवं. "यंत्रानं इचारत का बसावं? इचारायचं कुणाला? मालक झोपल्याला असतोय, गावाला गेल्याला असतोय, न्हाईतर वाद घालत बसल्याला असतोय..."

तेव्हा माझ्या लक्षात आलं, की वीज नाही. शेगडी विजेची. आज चहा माझ्याकडून यायचा होता आणि मी तर खुर्चीत बसले होते. मग वाटी कशासाठी वाजली?

मी म्हटलं, "फोरमन, यंत्राचा आवाज येत नाहीये."

ते बोलता बोलता थांबले. मी त्यांना धावताना तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

वहिनी पलंगावर बसून पुढे वाकल्या होत्या. ओठ जांभळे. एका हातात वाटी. यंत्र बंद. वीज गेली की शिट्टी वाजवायची सोय त्या यंत्राला होती, पण ती शिट्टी वहिनींना सहन होत नाही म्हणून फोरमननीच तिच्यावर चिकटपट्टी लावली होती. कोपऱ्यात जुन्या साडीचा झगा घातलेली एक वस्तू असे. दोन वर्षं मी ती पाण्याचा फिल्टर समजत होते. फोरमननी झगा वर केला, आत प्राणवायूचा सिलिंडर. त्यांनी खिशातला पाना काढला, सिलिंडरच्या डोक्यावर बसवला आणि फिरवला. फुस्स असा आवाज आला. नळी बदलली. सगळं मिळून अर्धं मिनिट लागलं असेल. पाना खिशात का असतो, हे मला तेव्हा समजलं. तो शोधायला लागू नये म्हणून.

थोड्या वेळाने वहिनींच्या ओठांचा रंग परतला. त्या पहिल्यांदा काय म्हणाल्या असतील?

"दोनदा वाजवली," त्या म्हणाल्या. "तुमी खुर्च्या बदलल्या."

आबांनी टोपी काढून हातात घेतली.

शीतल मोबाईल घेऊन इन्व्हर्टरसमोर बसली होती. "काका, तो आपोआप अपडेट व्हायला लागलाय. इथं लिहिलंय, 'अपडेट चालू आहे, कृपया उपकरण बंद करू नका.'"

"बंदच हाय की त्ये," फोरमन म्हणाले.

"किती टक्के झालंय तेही दाखवत नाही."

वीज यायला अजून साडेपाच तास होते. सिलिंडर तेवढा वेळ पुरणार नव्हता. नवा सिलिंडर देणाऱ्याला फोन लावला, तो म्हणाला, गाडी मिरजेला गेलीय, तिसऱ्या प्रहरापर्यंत येईल. रुग्णवाहिका बोलावू म्हटलं तर 'दवाखाना नको' म्हणत वहिनींनी पलंगाची कड धरली. आबा म्हणाले, "माझा जनरेटर आणतो," आणि गेले. दोन तासांनी ते पलूसहून टेम्पोत जनरेटर घालून आले आणि अंगणात उतरवून त्यांनी दोरी ओढली. एकदा, पाचदा, पंधरादा. सुरू होईना.

फोरमननी टाकीतलं पेट्रोल काचेच्या ग्लासात काढलं आणि उन्हाकडे धरलं. तळाशी पाण्याचा थर स्पष्ट दिसत होता.

आबा ग्लासाकडे बघत राहिले. "वरीसभर नुसता उभा हुता," ते हळू म्हणाले.

"तुमचा कच्चा मुद्दा," फोरमन म्हणाले. बस्स, एवढंच. मग त्यांनी पाना माझ्या हातात दिला. "बाई, मी ह्येचा कार्ब्युरेटर उघडतो. तुमी चार्ज घ्या."

"मी?"

"सिलिंडरचा काटा लाल पट्टीवर आला की मला हाक मारा. पक्का मुद्दा, ती अजून रागवाय लागलीय, म्हंजी जोर हाय. कच्चा मुद्दा, इचारलं की बरं हाय म्हणती. त्यावर इस्वास ठेवू नका. ओठ बगा."

मी ओठ बघत बसले. आयुष्यात कितीतरी परीक्षांना मी पर्यवेक्षक होते, पण इतकं लक्ष मी कधी दिलं नव्हतं. वहिनी म्हणाल्या, "बाई, बरं हाय." मी म्हटलं, "गप्प बसा." काटा उतरत होता. अंगणात आबा रॉकेलऐवजी ताज्या पेट्रोलने पुर्जे धूत होते आणि फोरमन एक बारीक तार भोकातून फिरवत होते. काटा लाल पट्टीला टेकला तेव्हा मी हाक मारली. उत्तर आलं नाही. आलं ते इंजिनाचं, आधी खोकल्यासारखं, मग सलग. धूर वहिनींच्या खिडकीकडे येऊ नये म्हणून त्यांनी तो जनरेटर पार फाटकापाशी ठेवला होता आणि माझ्या, शीतलच्या आणि आबांच्या घरच्या वायरी जोडून वीज आत आणली होती. यंत्र घुमायला लागलं. त्या दिवसापर्यंत मला त्या घरघरीचा त्रास होत असे.

इन्व्हर्टर संध्याकाळी सहाला आपणहून जागा झाला आणि मोबाईलवर कळवता झाला, की आता तो पूर्वीपेक्षा अधिक विश्वासार्ह आहे. तोवर वीज आली होती.

दुसऱ्या दिवशी फोरमननी शिट्टीवरची पट्टी काढली, इन्व्हर्टरची मोबाईलशी असलेली मैत्री तोडली आणि खुर्च्या मांडल्या. विषय जुनाच पुढे चालवायचा का, असं शीतलने विचारलं. ते म्हणाले, "चालवायचा. पर नवीन नेम. वाटी वाजली की आधी एकानं आत जाऊन बगून यायचं. मग खुर्च्या."

त्यानंतर दीड वर्ष ते होते. वहिनींच्या आधी ते जातील, असं कुणाच्या हिशेबात नव्हतं. त्यांच्या तर नव्हतंच. एका सकाळी वादाच्या मध्यावर त्यांनी छातीवर हात ठेवला आणि खुर्चीतच जरा सरकून बसले. विषय हायड्रोजनचा होता, ते बाजूने बोलत होते. रुग्णवाहिका आली. वहिनींना नळीमुळे दाराच्या पुढे येता येईना. त्या दाराच्या चौकटीला धरून उभ्या होत्या. स्ट्रेचरवर पडल्या पडल्या फोरमननी खिशात हात घातला आणि पाना माझ्यापुढे धरला.

मी म्हटलं, "पक्का मुद्दा? कच्चा मुद्दा?"

"तुमास्नी ठावं हाय," ते म्हणाले.

आयुष्यभरात त्यांनी 'चालू आहे' अशा प्रकारचा चार्ज दिला, तो हा एकदाच.

मुलीने वहिनींना पुण्याला न्यायचा फार आग्रह केला. त्या म्हणाल्या, "तितं वाटी कुणासाठी वाजवू?" त्या खालीच आहेत. चार खुर्च्या अजून मांडतो, चौथी आम्ही रिकामी ठेवत नाही, तिच्यावर कात्रणांचा डबा ठेवतो. परवा आबांनी विजेवरच्या ट्रॅक्टरची बाजू घेतली आणि चहानंतर त्याचा असा काही निकाल लावला, की फोरमन हसले नसतेच, पण पाना रोखून "तुमी बोला" नक्की म्हणाले असते.

आता तुमच्या बाबांचा प्रश्न, की मी तिकडे कधी येणार. शीतलला मी सिलिंडर शिकवते आहे. झगा वर, पाना बसवायचा, फिरवायचा, नळी बदलायची. ती चाळीस सेकंदांवर आली आहे. फोरमनना तीस लागायचे. तिचे तीस झाले, की मी तिला चार्ज देईन आणि तिकीट काढीन. नुसतं 'येते' म्हणणं म्हणजे 'चालू आहे' म्हणण्यासारखं आहे, म्हणून हे सविस्तर लिहिलं.

इथे थांबते. खाली वाटी वाजली आहे. आज वीज आहे, शेगडी चालू आहे, तेव्हा चहाच असणार. तरी आधी जाऊन बघते.